सत्त्याहत्तर हजार डॉलरचा हिशेब

माझ्याकडे एक जुनी फाइल आहे. तिच्यात अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाच्या निकालपत्राची छापील प्रत आहे. कडेला पेन्सिलीने केलेल्या माझ्या खुणा आता पुसट झाल्या आहेत. त्या निकालपत्रातल्या चार आकड्यांनी मला कित्येक वर्षे धरून ठेवले आहे. मुलींचे व्हॉलीबॉल : ३७,१२७ डॉलर. मुलींचे जिम्नॅस्टिक्स : २४,९०१ डॉलर. मुलांचे वॉटर पोलो : ९,२५० डॉलर. मुलांचे गोल्फ : ६,५४५ डॉलर. हे चार संघ बंद केले तर वर्षाला किती पैसे वाचतील, त्याचा हा हिशेब आहे. विद्यापीठ ब्राऊन, गाव प्रॉव्हिडन्स, साल १९९१.

यात मी का गुंतले, ते सांगायला हवे. मी तालुक्याच्या गावी कॉलेजात व्हॉलीबॉल खेळायचे. फक्कीने आखलेले मैदान, दोन लाकडी खांब आणि एकच नेट. संध्याकाळी पाचनंतर ते मुलांचे. आम्हाला दुपारी अडीचचे ऊन. एका वर्षी जिमखान्याचा पैसा कमी पडला आणि सूचनाफलकावर कागद लागला की मुलींचा संघ यंदा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला जाणार नाही. मुलांचाही एक संघ कमी केला होता. आमचे क्रीडा शिक्षक भले गृहस्थ होते. ते म्हणाले, “अगं, दोन्हीकडे सारखीच कात्री लावली आहे.” त्यावर काय बोलावे, ते तेव्हा मला सुचले नाही. उत्तर सापडले ते खूप वर्षांनी, या निकालपत्रात.

ब्राऊन हे अमेरिकेच्या मानाने लहान विद्यापीठ. पदवीचे विद्यार्थी तेव्हा पावणेसहा हजारांच्या आत-बाहेर. आयव्ही लीग या विद्यापीठांच्या गटातले असल्यामुळे तिथे खेळाची शिष्यवृत्ती नाही. मग खेळाचा पैसा जातो कुठे? पगारी प्रशिक्षक, प्रवास, साहित्य, सरावाची चांगली वेळ, दुखापत झाली तर बघायला वैद्यकीय साहाय्यक, कार्यालयीन मदत आणि प्रवेशाच्या वेळी खेळाडूला मिळणारे झुकते माप. अधिकृत संघ असला की हे सगळे मिळते. १९९१च्या वसंतात पैशाची ओढाताण झाली तेव्हा विद्यापीठाने या चार संघांना ‘क्लब’ केले. खेळा, दुसऱ्या विद्यापीठांशी सामनेही करा, पण वरचे काही मागू नका.

वरवर पाहता हा निर्णय समतोल दिसतो. दोन संघ मुलींचे, दोन मुलांचे. पण ते चार आकडे पुन्हा वाचा. वाचणाऱ्या पैशातला सुमारे ऐंशी टक्के भाग मुलींच्या खात्यातून निघत होता. आणखी एक आकडा याहून बोलका आहे. कपातीपूर्वी ब्राऊनच्या अधिकृत संघांत मुलांना ५६६ जागा होत्या, मुलींना ३२८. म्हणजे मुलींचा वाटा ३६.७ टक्के. कपातीनंतर तो ३६.६ झाला. विद्यापीठाचा युक्तिवाद असा की प्रमाण जवळपास जिथल्या तिथे आहे, मग अन्याय कसला? पण वर्गांत मुलींचे प्रमाण ४८ टक्के होते. वाकडी असलेली फूटपट्टी दोन्ही टोकांना सारखी कापली, तर ती आखूड होते, सरळ होत नाही.

या अन्यायाला न्यायालयात आव्हान देता आले ते अमेरिकेच्या १९७२च्या ‘टायटल नाइन’ कायद्यामुळे. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला लिंगभेद करता येणार नाही, एवढे त्याचे सार. खेळांना तो कसा लावायचा, याचे तीन निकष १९७९मध्ये ठरले. त्यांतला एक पुरा केला तरी संस्था सुटते. खेळाडूंतले मुलींचे प्रमाण विद्यार्थ्यांतल्या प्रमाणाच्या जवळ हवे. ते नसेल, तर मुलींच्या संधी सातत्याने वाढवत नेल्याचा इतिहास हवा. तोही नसेल, तर मुलींची आवड आणि कुवत यांना पुरी वाट मिळाली आहे, असे दिसायला हवे.

एमी कोहेन ही ब्राऊनच्या जिम्नॅस्टिक्स संघातली मुलगी. तिचे नाव लागलेला खटला अमेरिकेतल्या कायद्याच्या वर्गांत आजही शिकवतात. तिच्यासह जिम्नॅस्टिक्स आणि व्हॉलीबॉलच्या मुली न्यायालयात गेल्या. डिसेंबर १९९२मध्ये न्यायाधीश रेमंड पेटीन यांनी हे संघ तूर्त पूर्ववत करण्याचा आदेश दिला. एप्रिल १९९३मध्ये अपील न्यायालयाने तो उचलून धरला. माझ्या फाइलमधले निकालपत्र ते हेच, न्यायाधीश ब्रूस सेल्या यांनी लिहिलेले.

पहिला निकष तर उघडच हुकला होता. दुसऱ्याची गोष्ट मला फार बोलकी वाटते. पेम्ब्रोक हे मुलींचे कॉलेज १९७१मध्ये ब्राऊनमध्ये विलीन झाले आणि पुढच्या सहा वर्षांत, १९७७पर्यंत, मुलींचे तब्बल १४ संघ उभे राहिले. काम जोमाने झाले, त्याचे श्रेय द्यायलाच हवे. मग उत्साह ओसरला. त्यानंतर १९९१पर्यंत भर पडली ती एकाच संघाची, १९८२मध्ये, हिवाळी ट्रॅकची. पूर्वपुण्याईवर किती वर्षे काढायची, हा प्रश्न न्यायालयाने विचारला आणि त्याचे उत्तर विद्यापीठाच्या बाजूने गेले नाही.

तिसरा निकष सगळ्यांत अवघड, असे मला आधी वाटायचे. आवड मोजायची कशी? इथे मात्र पुरावा समोर उभा होता. खेळणाऱ्या मुली होत्या, प्रतिस्पर्धी होते, चालता संघ होता. विद्यापीठाने जे बंद केले, तेच साक्षीला आले.

त्या तूर्त आदेशानंतर खटल्याची पूर्ण सुनावणी १९९४मध्ये पेटीन यांच्यापुढे झाली. तिच्यात विद्यापीठाने मुख्य भर दिला तो आवडीवरच. मुलींना मुलांइतकी खेळाची आवड नसते, म्हणून त्यांचा वाटा त्यांच्या आवडीच्या प्रमाणात धरावा, असे विद्यापीठाचे म्हणणे होते. हे वाचताना मला सूचनाफलकापाशी ऐकलेले वाक्य आठवले : “मुली येतच नाहीत ना सरावाला.” दुपारी अडीचच्या उन्हात कोण येणार? अपील न्यायालयाचा १९९६चा निकाल न्यायाधीश ह्यू बाऊन्स यांनी लिहिला. संधी नाकारल्यामुळेच आवड कमी दिसते आणि मग त्याच कमी आवडीचा दाखला देऊन संधी नाकारली जाते, हे चक्र त्यात नीट उलगडून दाखवले आहे. न्यायाधीश तोरुएला यांनी विरोधी मत नोंदवले. प्रमाणाचा आग्रह म्हणजे ठरावीक कोटाच झाला, ही त्यांची चिंता होती. मला ती पटत नाही, पण पोकळही वाटत नाही. पुढच्या घटनांत तिची सावली दिसते.

या दुसऱ्या निकालात एक भाग आहे ज्याकडे फारसे कुणी बघत नाही. लहान विद्यापीठांनी खरे तर तोच अभ्यासायला हवा. ब्राऊनमध्ये संघांच्या दोन पायऱ्या होत्या. काही संघ विद्यापीठाच्या पैशावर चालायचे, काही देणग्यांवर. १९९३-९४मध्ये विद्यापीठाच्या पैशाने खेळणारी मुले ४७९ आणि मुली ३१२ होत्या. देणग्यांवर खेळणारी मुले ७६ आणि मुली ३०. नाव दोघांचेही ‘अधिकृत संघ’. पण देणगीवरच्या संघाला त्या दर्जाचा प्रशिक्षक मिळत नाही, नवे खेळाडू मिळत नाहीत, प्रवासाला पैसा नसतो, आणि इतर विद्यापीठे त्यांना आपल्या वेळापत्रकात घ्यायला कचरतात. न्यायालयाने हे नोंदवून ठेवले आहे. “खेळा, पण खर्च तुमचा तुम्ही उभा करा” असे सांगणे म्हणजे संघ हळूहळू मरू देणे, हे ते वाचताना मला उमगले. अंदाजपत्रक आवळताना देणगीदार शोधायला सांगणे हा सर्वांत सोपा मार्ग वाटतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत क्रूर आहे. बंद केलेल्या संघाची निदान चर्चा होते.

सुनावणीनंतर पेटीन यांनी मुलींचे चार संघ विद्यापीठाच्या खर्चाने चालवा, असा थेट हुकूम दिला होता : जिम्नॅस्टिक्स, फेन्सिंग, स्कीइंग आणि वॉटर पोलो. अपील न्यायालयाने तत्त्व मान्य केले, पण हा हुकूम बदलला. कुठला खेळ ठेवायचा, कुठला वाढवायचा, मुलांच्या जागा कमी करायच्या की मुलींच्या वाढवायच्या, हे विद्यापीठाने ठरवावे. न्यायालय फक्त ताळेबंद तपासेल. मला हे शहाणपणाचे वाटते.

एप्रिल १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला आणि १९९८मध्ये तडजोड झाली. मुलींचे खेळातले प्रमाण वर्गातल्या प्रमाणापेक्षा साडेतीन टक्क्यांहून अधिक मागे पडू द्यायचे नाही. पुढच्याच वर्षी ब्राऊनच्या मुलींच्या रोइंग संघाने पहिले राष्ट्रीय विजेतेपद जिंकले आणि पुढेही ते अनेकदा मिळवले. मुलींना आवड नसते म्हणणाऱ्यांनी एकदा त्या संघाच्या सरावाच्या वेळी नदीकाठी पहाटे उभे राहावे, असे मला मनापासून वाटते.

मधली दोन दशके मी भरभर ओलांडते, कारण नाट्य २०२०चे आहे. २८ मे रोजी, महामारीच्या ऐन धुमाळीत, ब्राऊनने ११ संघ अधिकृत यादीतून काढले. मुलामुलींचे फेन्सिंग, गोल्फ आणि स्क्वॉश, मुलींची घोडेस्वारी आणि स्कीइंग, मुलांचे ट्रॅक (इनडोअर आणि आउटडोअर हे दोन संघ) आणि क्रॉस-कंट्री. सेलिंगला मात्र अधिकृत दर्जा मिळाला. कमी संघ ठेवून ते जिंकणारे करू, हा विचार होता. माझे बोट यादीतल्या तीन नावांवर थांबले. मुलांचा गोल्फ तर १९९१मध्येही गेला होता. आणि फेन्सिंग व स्कीइंग हे खटल्यातून वाचलेले मुलींचे संघ.

पुढचे बारा दिवस वादळी ठरले. कृष्णवर्णीय मुलांना या विद्यापीठाचे दार ज्या खेळांतून उघडते, त्यांत ट्रॅक आघाडीवर. तो बंद करून शिडाच्या होड्यांना मान देणे हे त्या उन्हाळ्यात, जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर, कुणाला सहन होणार होते? ९ जूनला विद्यापीठाने मुलांचा ट्रॅक परत आणला. निर्णय न्याय्यच होता, पण त्याने मुलांच्या जागा पुन्हा वाढल्या आणि १९९८च्या कराराचा तोल ढळला. मुलींच्या वतीने वकील न्यायालयात गेले. सप्टेंबरमध्ये नवी तडजोड झाली : मुलींची घोडेस्वारी आणि फेन्सिंग परत, आणि मोबदल्यात जुना करार ३१ ऑगस्ट २०२४ रोजी संपवायचे ठरले. स्कीइंग परत आले नाही. एका अन्यायाची भरपाई करताना दुसऱ्याचे माप घसरते, कारण पिशवी एकच आहे. मी म्हणाले ती तोरुएलांच्या चिंतेची सावली हीच.

वाटपाचा तिढा सोडवण्याचा एक अगदी वेगळा रस्ता अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजने धरला. कृष्णवर्णीय मुलींचे हे छोटे कॉलेज. सुमारे २,१०० विद्यार्थिनींपैकी जेमतेम ८० जणी संघांत होत्या आणि त्यांच्यावर वर्षाला नऊ लाख डॉलरच्या आसपास खर्च होत होता. अध्यक्ष बेव्हर्ली डॅनियल टेटम यांनी २०१२मध्ये स्पर्धांतून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला आणि पैसा सगळ्या विद्यार्थिनींच्या आरोग्याकडे आणि व्यायामाकडे वळवला. त्या ८० जणींसाठी जीव तुटतो, तरीही टेटम यांच्या हिशेबाचा मी आदर करते. त्यांनी आधी माणसे मोजली, मग पैसे.

इतक्या वर्षांच्या वाचनातून मला कळलेली गोष्ट हीच आहे. लहान विद्यापीठाने अमुक खेळ पैसे मिळवतो, तमुक पदके आणतो, इथून सुरुवात करू नये. आधी जागा मोजाव्यात : कुणाला किती, आणि वर्गात कोण किती. मग गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्या जागा वाढल्या की थबकल्या, ते पाहावे. कात्री लावायचीच असेल, तर ज्याला आधीच कमी मिळाले त्याच्यापासून ती दूर ठेवावी. आणि देणगीवर ढकललेला संघ जिवंत आहे, अशी स्वतःची समजूत घालू नये.

आता मी एका कॉलेजच्या क्रीडा समितीवर बसते. गेल्या जूनमध्ये अंदाजपत्रकाचा कागद समोर आला. डावीकडे खेळाचे नाव, उजवीकडे रक्कम. मी मध्ये पेनने एक उभी रेघ मारली आणि नवा रकाना केला : ‘खेळणारे किती’. तो भरायला क्रीडा शिक्षकांना अर्धा तास लागला. मुलींच्या खो-खोसमोर चौदा हा आकडा आला आणि रक्कम सगळ्यांत कमी. सगळे त्या ओळीकडे बघत राहिले. सरावाची वेळ काय, असे मी विचारले.

“दुपारी अडीच,” ते म्हणाले.

त्या दिवशी आम्ही आधी वेळ बदलली. रकमेकडे त्यानंतर वळलो.