लिंक द्या, पण जपून!

‘तुमच्या साइटवर आमची एक लिंक टाका, दोन हजार रुपये देतो. फक्त ती डू-फॉलो हवी.’ ट्रेकिंगवर आम्ही चौघांनी मिळून सुरू केलेल्या वेबसाइटला आलेला हा मेल. दोन हजार म्हणजे पुढच्या ट्रेकचा खर्च सुटला! लिंक होती झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपची. हो म्हणणारच होतो, तेवढ्यात ग्रुपमधल्या एकीने विचारलं, ‘पण हे डू-फॉलो म्हणजे काय रे?’

मग शोधाशोध केली. १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गुगल सुरू केलं, तेव्हाची कल्पना साधी होती. एका साइटने दुसरीला दिलेली लिंक म्हणजे एक मत. आता मत आलं की मतांचा बाजारही आलाच. लोक दिसेल त्या पानाखाली प्रतिक्रियांमध्ये आपल्या लिंक चिकटवू लागले. त्यावर तोडगा म्हणून जानेवारी २००५ मध्ये गुगलने ‘नोफॉलो’ आणलं. याहू आणि एमएसएननेही साथ दिली. लिंकच्या कोडमधल्या ‘रेल’मध्ये हा शब्द लिहायचा, बस्स. वाचकासाठी लिंक नेहमीसारखीच उघडते, पण सर्च इंजिनला कळतं, की हे आमचं मत धरू नका. इंग्रजी विकिपीडियानेही २००७ मध्ये बाहेर जाणाऱ्या लिंकना नोफॉलो लावलं.

सप्टेंबर २०१९ मध्ये आणखी दोन शब्द आले. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन दिलेल्या लिंकसाठी ‘स्पॉन्सर्ड’ आणि वाचकांनी टाकलेल्या लिंकसाठी ‘यूजीसी’. (नाही, परीक्षावालं यूजीसी नव्हे!) गुगल आता हे शब्द हुकूम म्हणून नाही, तर संकेत म्हणून वाचतं.

एक गैरसमज मात्र काढून टाका. नोफॉलो लावलं म्हणजे समोरचं पान सर्चमधून गायब होत नाही, गुगलला ते दुसऱ्या वाटेने सापडू शकतं. स्वतःचं पान सर्चमध्ये नकोच असेल, तर त्यासाठी ‘नोइंडेक्स’ आहे.

आणि ‘डू-फॉलो’? असा वेगळा शब्द कोडमध्ये नसतोच. काहीही न लावलेली साधी लिंक, म्हणजेच आपलं मत. ते पैसे घेऊन विकणं गुगलच्या नियमांत बसत नाही. पकडलं गेलं, तर साइट सर्चमध्ये खाली जाऊ शकते, अगदी बाहेरही. म्हणजे वर्षभराची मेहनत दोन हजारांत!

आम्ही उत्तर पाठवलं, ‘स्पॉन्सर्ड लावून देतो, चालेल?’ समोरून पुन्हा मेल आला नाही. ट्रेक टीटीएमएम झाला. साइट अजून शाबूत आहे.