तारण: एक माणूस

आजचा विषय एका ओळखीच्या शब्दापासून सुरू करतो. तारण. मी कर्जाचं सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे हा शब्द रोजचाच. फॉर्मवर दोन रकाने असतात: तारणाचं वर्णन आणि त्याची किंमत. गुलामगिरीच्या काळातल्या अमेरिकेत या वर्णनात माणसाचं नाव आणि वय लिहिलेलं असायचं.

आणि हे सगळं कायदेशीर होतं बरं का! अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारे थॉमस जेफरसन. त्यांनीही १७९६ मध्ये आपले गुलाम एका डच पेढीकडे गहाण टाकले. कशासाठी? तर माँटिसेलो हे आपलं घर नव्याने बांधायला.

सावकाराला माणूसच का हवा? जमीन उचलून नेता येत नाही. माणसाला मात्र शेकडो मैल दूर नेऊन विकता येतं. शिवाय तारणाचं सोनं लॉकरमध्ये नुसतं पडून राहतं. तारण ठेवलेला माणूस मालकाच्या शेतातच राबायचा. त्याच्याच घामाच्या पैशातून हप्ते फिटायचे. आई गहाण असेल तर अनेक गहाणखतांत तिला पुढे होणारी मुलंही धरलेली असायची.

मग यात बँका उतरल्या. १८२७ मध्ये लुइझियानात मळेवाल्यांनी एक बँक काढली. जमिनी आणि गुलाम तारण ठेवून तिने रोखे काढले. पुढे राज्य सरकारने हमी दिली आणि हे रोखे युरोपात विकले गेले. म्हणजे ज्याने आयुष्यात उसाचा मळा पाहिला नाही, तोही या व्याजावर कमवू लागला.

आणि हप्ते थकले की? २००५ मध्ये जेपी मॉर्गन चेस बँकेने जाहीर माफी मागितली. पुढे तिच्यात सामील झालेल्या लुइझियानातल्या दोन बँकांनी १८३१ ते १८६५ या काळात सुमारे १३,००० गुलाम तारण घेतले होते. कर्जं बुडाली तेव्हा त्यांतले सुमारे १,२५० जण थेट बँकांच्या मालकीचे झाले.

जेफरसन १८२६ मध्ये वारले, तेव्हा डोक्यावर एक लाख डॉलरहून जास्त कर्ज होतं. ते फेडायला जानेवारी १८२७ मध्ये १३० माणसांचा लिलाव पुकारला गेला. लोहार जोसेफ फॉसेटला मृत्युपत्राने स्वातंत्र्य मिळालं होतं. त्याची बायको ईडिथ आणि मुलं मात्र लिलावात गेली, तीही वेगवेगळ्या घरी. त्यांतला पीटर होता ११ वर्षांचा. तो सुटला १८५० च्या सुमारास.

कर्ज मालकाने काढलं. २० हून जास्त वर्षं ते फेडलं पीटरने.

पुढच्या भागात भेटू.