मायक्रोवेव्ह ओव्हन : भीती कशाची आणि काळजी कशाची

मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये तापवलेले अन्न किरणोत्सारी होते, ही समजूत शिकल्यासवरलेल्या घरांतही टिकून आहे, आणि तिची शहानिशा करण्यासाठी नाशिक जिल्ह्याइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. कारण निफाड तालुक्यातील लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले ‘कृषक’ हे विकिरण केंद्र २००२ पासून आहे. साठवणुकीत कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून तेथे कोबाल्ट-६० या खरोखरच किरणोत्सारी असलेल्या पदार्थातून निघणारे गॅमा किरण त्यावर सोडले जातात, आणि २००७ मध्ये अमेरिकेला रवाना झालेल्या आंब्यांवरही हीच प्रक्रिया तेथे झाली होती. गॅमा किरण हे आयनीकारक प्रारण होय, म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात असते. तरीही विकिरणित कांदा स्वतः किरणोत्सारी होत नाही. मायक्रोवेव्ह लहरींच्या एका ऊर्जाकणापेक्षा कोबाल्टच्या गॅमा किरणाचा ऊर्जाकण शंभर अब्ज पटींहून अधिक प्रबळ असतो, हे लक्षात घेतले म्हणजे ओव्हनमधील वरणभाताविषयीची शंका निराधार ठरते. बटण बंद होताच, दिवा मालवल्यावर उजेड उरत नाही त्याप्रमाणे, लहरीही उरत नाहीत.

लहरींमुळे अन्न आतून बाहेर शिजते, हा दुसरा समज तितकाच रूढ आहे. वस्तुतः मॅग्नेट्रॉन नावाची निर्वात नळी सामान्यतः २४५० मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरी निर्माण करते, आणि पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धन व दुसरी किंचित ऋण असल्याने, सतत दिशा पालटणाऱ्या विद्युत क्षेत्राबरोबर हे रेणू वळू पाहतात, शेजारच्या रेणूंवर आदळतात व त्यातून उष्णता उपजते. या लहरी अन्नात काही सेंटिमीटरच शिरतात; त्यापुढचा गाभा नेहमीच्या उष्णतावहनानेच तापतो. त्यातच ओव्हनच्या पोकळीत लहरी काही जागी एकवटतात व काही जागी क्षीण होतात, त्यामुळे फ्रीजमधून काढलेल्या भाजीच्या कडा रटरटत असताना मध्यभाग गार राहू शकतो, आणि गार राहिलेल्या भागातील जीवाणू जिवंत राहतात. उरलेले अन्न मध्येच ढवळणे, ते सर्वत्र ७० अंश सेल्सिअसच्या वर, म्हणजे वाफ निघेपर्यंत तापवणे आणि नंतर मिनिट-दोन मिनिटे झाकून ठेवणे, ही काळजी लहरींच्या भीतीपेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे.

दाराच्या जाळीतून लहरी बाहेर येतात असे मानणाऱ्यांनी लहरलांबीचा विचार करावा. ही लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते, जाळीची छिद्रे मात्र मिलिमीटरभराच्या आसपास असतात. म्हणून दृश्य प्रकाश बाहेर येतो, मायक्रोवेव्ह अडतात. गळतीची प्रचलित मर्यादा पृष्ठभागापासून ५ सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅट इतकी आहे आणि अंतर वाढेल तशी गळती झपाट्याने घटते. बंद ओव्हनमध्ये मोबाईल ठेवून तो वाजतो का हे पाहण्याची चाचणी फसवी आहे, कारण अत्यंत क्षीण संकेतावरही मोबाईल चालतो. दार वाकलेले असणे, बिजागरी सैल होणे किंवा कडेला खरकटे साचून दार नीट न बसणे ही चिंतेची खरी कारणे आहेत, आणि तसे दिसल्यास वापर थांबवलाच पाहिजे.

ठिणग्या केवळ धातूमुळेच उडतात, हा समज नाशिककरांच्या आवडत्या फळानेच खोटा ठरवला आहे. एकमेकांना टेकलेली दोन द्राक्षे ओव्हनमध्ये तापवली असता त्यांच्या मधोमध प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा तेजस्वी वायू, पेट घेतो. सालीचा ओलसर दुवा वीज वाहून नेतो, असे त्याचे स्पष्टीकरण बराच काळ दिले जाई. परंतु कॅनडातील भौतिकशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये दाखवून दिले की पाण्यात लहरींची लांबी आखूड होऊन जवळपास द्राक्षाच्या आकाराएवढी होते, त्यामुळे लहरी फळात कोंडल्या जातात, दोन द्राक्षांच्या स्पर्शबिंदूपाशी क्षेत्र तीव्र होते आणि फळातील सोडियम व पोटॅशियमचे आयन चमकून उठतात. हा प्रयोग घरी करू नये. प्लाझ्मामुळे ओव्हनचे नुकसान होते.

घरात ठिणग्यांचे नेहमीचे कारण मात्र वेगळेच असते. आतील भिंतीवर, बहुधा उजव्या बाजूला, अभ्रकाचा पातळ पत्रा बसवलेला असतो व त्यामागून लहरी आत येतात. मिसळीची तर्री उघडी तापवली की तेलाचे लालसर थेंब त्यावर उडतात, पुढच्या प्रत्येक वापरात तापून काळे पडतात, आणि हा कार्बन वीज वाहून नेत असल्याने तेथेच चटचट आवाज होऊन पत्रा जळू लागतो. किरणांनी ओव्हन आतून आपोआप निर्जंतुक होतो, म्हणून पुसण्याची गरज नाही, असे मानणे म्हणूनच महागात पडते. स्वच्छतेसाठी काचेच्या वाडग्यात पाणी, लिंबाच्या फोडी व एक लाकडी चमचा ठेवून तीन मिनिटे तापवावे, दार आणखी पाच मिनिटे बंद ठेवावे, मग प्लग काढून मऊ ओल्या फडक्याने भिंती, छत, दाराची चौकट व ताटलीखालची चाके पुसावीत. डाग वाफ सैल करते. लिंबाचे काम मुख्यतः वास घालवण्याचे आहे. तारेची घासणी वापरू नये, आणि जळलेला पत्रा त्याच मॉडेलचा नवा घेऊन बदलावा.

लाकडी चमच्याचे प्रयोजन येथे सांगणे आवश्यक आहे. गुळगुळीत भांड्यातील पाणी उकळबिंदू ओलांडूनही शांत राहू शकते आणि हलवताच उसळून हात भाजते. चमच्याच्या खडबडीत पृष्ठभागावर बुडबुडे वेळीच तयार होतात. कवचासकट अंडे फुटते, ते आत कोंडलेल्या वाफेमुळे. स्टीलचा डबा मात्र स्फोट घडवत नाही. तो लहरी परतवतो, म्हणून आतील अन्न गार राहते, आणि तो भिंतीजवळ असल्यास ठिणग्या उडू शकतात. सोनेरी किनारीच्या बशा व चुरगळलेला फॉइल अधिक धोक्याचे.

ओव्हन पूर्वीइतका तापत नाही अशी शंका आल्यास तंत्रज्ञाला बोलावण्यापूर्वी एक साधी परीक्षा घेता येते : ८०० वॅटच्या ओव्हनमध्ये एक लिटर गार पाणी पूर्ण शक्तीवर दोन मिनिटे तापवून ढवळले असता तापमान साधारण २० ते २३ अंशांनी वाढायला हवे. वाढ फारच कमी असल्यास आधी विजेचा दाब पाहावा, कारण तो उतरला की मॅग्नेट्रॉनची शक्तीही घटते. शिवाय असा ओव्हन विजेच्या जाळ्यातून सुमारे १२०० वॅट घेतो, तेव्हा त्याला अर्थिंग असलेले स्वतंत्र १६ अँपिअरचे सॉकेट द्यावे, एक्स्टेन्शन बोर्ड नव्हे. दिवा लागतो, ताटली फिरते, पण पाणी गारच, असे असेल तर दोष बहुधा उच्चदाबाच्या मंडलात असतो, आणि तेथे प्लग काढल्याने सुरक्षितता येते हा समज सर्वांत घातक आहे : आतील कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा घटक, सुमारे दोन हजार व्होल्टचा भार प्लग काढल्यानंतरही धरून ठेवू शकतो, म्हणून बाहेरील आवरणाचे स्क्रू प्रशिक्षित तंत्रज्ञानेच उघडावेत.