सर्दीला इंजेक्शन नको, आठवडाभर धीर हवा

गेल्या महिन्यात हरभऱ्यावरची घाटेअळी पाहायला एका शिवारात गेलो होतो. रात्रीच्या लाइटवर गव्हाला पाणी देऊन आलेले एक काका नाक पुसत म्हणाले, "साहेब, मेडिकलमधून अँटिबायोटिक आणलं, तरी उतार नाही. आता जालीम इंजेक्शनच घेतो."

मी विचारले, "काका, भेंडीवर हळद्या आला तर कोणतं बुरशीनाशक मारता?"

काका हसले. "त्याला कुठलं औषध? व्हायरस तो. झाड उपटायचं अन् पांढरी माशी आवरायची."

सर्दीचेही तसेच आहे. फरक एवढाच, की भेंडीचे झाड बरे होत नाही, माणूस आपोआप बरा होतो.

सर्दी कशाने होते?

सर्दी करणारे विषाणू दोनशेहून जास्त आहेत. दही-केळी खाल्ल्याने ते अंगात शिरत नाहीत. हिवाळ्यात दारे-खिडक्या लावून सारे घर एका खोलीत झोपते, तिथे एकाची सर्दी सगळ्यांना लागते. इथली पांढरी माशी म्हणजे आपले हात! शिंकताना हातावर उडालेले विषाणू दुसऱ्याच्या हातावर जातात आणि तिथून नाका-डोळ्यांत. एक ते तीन दिवसांत नाक वाहू लागते आणि साधारण ७ ते १० दिवसांत सर्दी बरी होते.

अँटिबायोटिक जिवाणू मारते, विषाणू नाही. शेंबूड पिवळा झाला म्हणजे ते लागतेच असे नाही. एकच कीटकनाशक सारखे मारले की अळी दाद देईनाशी होते. तसेच अँटिबायोटिक उगाच घेतले की जिवाणू निर्ढावतात आणि खऱ्या गरजेच्या वेळी औषध लागू पडत नाही.

घरी काय करावे?

विश्रांती घ्यावी. कोमट पाणी, पेज, वरणाचे पाणी भरपूर प्यावे. मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या कराव्यात. सुंठ-तुळशीचा काढा किंवा हळदीचे दूध घशाला आराम देते, पण विषाणू मारत नाही. मोठ्यांनी वाफ जपून घ्यावी. मुलांना पातेल्यावर वाकवू नये, भाजण्याचा धोका असतो. एक वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच चाटवू नये.

मुलांना खोकल्याचे औषध मनाने पाजू नका. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात विषारी द्रव्य असलेल्या खोकल्याच्या औषधाने लहान मुले दगावली.

साबणाने हात धुणे, शिंकताना तोंडावर रुमाल किंवा कोपर धरणे, टॉवेल वेगळा ठेवणे, एवढ्याने घरातली सर्दी बरीच आवरते. ग्रामपंचायतीने शाळा-अंगणवाडीत पाणी आणि साबण कायम राहील एवढे पाहावे.

सर्दी की विषबाधा?

फवारणीनंतर नाक-डोळे वाहू लागले आणि सोबत लाळ, घाम, मळमळ, अंधुक दिसणे, छाती दाटणे असेल तर ती सर्दी समजू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि औषधाच्या डब्यावरचे लेबल घेऊन तातडीने दवाखाना गाठा.

दवाखान्यात केव्हा जावे?

धाप लागणे, मुलाची छाती आत ओढली जाणे, बाळाने दूध सोडणे, खोकल्यातून रक्त पडणे, यांत वेळ घालवू नये. ताप तीन दिवसांनीही उतरला नाही तरी डॉक्टरांना दाखवावे. दमा किंवा मधुमेह असलेले, गरोदर महिला आणि म्हातारी माणसे यांनी लवकर जावे. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर सरकारी आरोग्य केंद्रात टीबीसाठी थुंकीची तपासणी मोफत होते, ती करावी.

दहा दिवसांनी काका पुन्हा बांधावर भेटले. नाक कोरडे होते. म्हणाले, "साहेब, इंजेक्शनाचे पैसे वाचले. आता घाटेअळीचं बोला."