न्यायासनापुढे बालमन

गुन्हेगार ठरलेल्या मुलाच्या मनाचा शोध घेऊन तो न्यायासनापुढे मांडण्याच्या कठीण कार्याला ज्यांनी आयुष्य वाहिले, त्या अमेरिकन बालमनोविकारतज्ज्ञ डॉ. डोरोथी ऑटनाऊ लुईस यांचा 1988 सालचा अभ्यास आजही अंतःकरण हेलावून सोडतो. अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी केलेल्या अपराधाबद्दल देहान्ताची शिक्षा झालेल्या 14 कैद्यांची त्यांनी सहकाऱ्यांसह तपासणी केली, तेव्हा त्यांपैकी 12 जणांनी बालपणी अमानुष मारहाण सोसल्याचे, आणि 90 हून अधिक बुद्ध्यंक केवळ दोघांचाच असल्याचे निष्पन्न झाले. खटल्याच्या वेळी मात्र याची पुरेशी दखलच घेतली गेली नव्हती. अंगावरील जुने व्रण, शाळेचे दाखले, इस्पितळांचे दप्तर धुंडाळणारा असा तज्ज्ञ आरोपीचा वकील नव्हे; फिर्यादी पक्षाला न दिसलेले आणि आरोपीने लज्जेने लपविलेले सत्य उजेडात आणणे, हेच त्याचे कर्तव्य, आणि माझ्या मते न्यायदानाला त्यावाचून पूर्णता नाही.

अल्पवयीनांचा मृत्युदंड अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली रद्द केला. आपल्याकडे 2015 च्या बालन्याय कायद्यानुसार घोर अपराधाचा आरोप असलेल्या सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाचे प्राथमिक मूल्यमापन होते; ते करणाऱ्या बालन्याय मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल, तर त्यासाठी तज्ज्ञाचे साहाय्य घेणे बंधनकारक आहे, असा निर्वाळा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली दिला आहे.