रुपयाचे शिलिंग होताना

टांझानियातल्या नोकरीचं पत्र हातात पडलं, की व्हिसा, तिकीट, सामान यांची धावपळ सुरू होते आणि पैशांचं काम मागे पडतं. निघायला आठवडा उरला, की माणूस मनी चेंजरकडे जाऊन विचारतो, "टांझानियन शिलिंग आहेत का?" पुणे असो, नाशिक असो वा मुंबई, उत्तर बहुतेक ठरलेलं असतं : "शिलिंग नाहीत साहेब, डॉलर घेऊन जा." ऐकणाऱ्याला वाटतं, हा आपलं काम टाळतोय. मग कोणीतरी "मागवून देतो" म्हणणारा भेटतो आणि नव्या आयुष्याची सुरुवातच महागात पडते. खरं तर त्या काउंटरवरच्या माणसाचा सल्ला अगदी योग्य असतो. तो का योग्य आहे हे एकदा नीट समजून घेतलं, तर दारेसलामला जायचं असो, अल्माटीला की वॉर्साला, आपला व्यवहार आपल्याला स्वतः आखता येतो.

नोट हा दुकानदाराचा माल

मनी चेंजरच्या दृष्टीनं परकीय नोट म्हणजे दुकानातला माल. डॉलर आज विकत घेतला तर उद्या विकला जातो, कारण गिऱ्हाईक रोज येतं. शिलिंगाची नोट मात्र गल्ल्यात महिनोन्‌महिने पडून राहू शकते. तेवढे पैसे अडकतात, मधल्या काळात शिलिंग घसरला तर तोटा होतो आणि नोटा परत टांझानियाला पाठवायच्या म्हटलं तर वाहतूक आणि विमा आला. हा सगळा धोका तो दरात धरतो.

म्हणूनच चलन सहज मिळतं की नाही, हे देशाच्या आकारावर ठरत नाही. ओमानचा रियाल, कुवेतचा दिनार, थायलंडचा बाट मुंबईत सहज मिळतात, कारण तिकडे जाणारी-येणारी माणसं भरपूर आहेत. ब्राझील केवढा मोठा देश, पण त्याचा रेआल शोधावा लागतो. ज्या गावात ज्या चलनाची ये-जा मोठी, तिथं ते स्वस्त पडतं. हे एक सूत्र धरून ठेवलं, की पुढचं बरंच आपोआप उलगडतं.

पाटीवरचे दोन आकडे

दरफलकावर प्रत्येक चलनापुढे दोन आकडे असतात : खरेदी दर आणि विक्री दर. हे दोन्ही दुकानदाराच्या बाजूनं लिहिलेले असतात. आपण डॉलर घ्यायला गेलो असू, तर आपल्याला त्याचा विक्री दर लागू होतो, म्हणजे दोहोंतला मोठा आकडा. बाजारातला मधला दर साधारण या दोहोंच्या दरम्यान असतो. आपल्याला लागलेला विक्री दर त्या मधल्या दरापेक्षा जितका वर, तितकी आपण मोजलेली किंमत. "आमच्याकडे कमिशन शून्य" अशी पाटी असली तरी ही किंमत दरात असतेच.

रुपया आणि शिलिंग यांचा थेट, मोठा बाजार नाही. म्हणून रुपयाचे आधी डॉलर होतात आणि डॉलरचे शिलिंग. तुम्ही भारतात थेट शिलिंग मागितले, तरी पडद्यामागे हाच प्रवास घडतो. वळणं दोनच राहतात, पण दुसरं वळण अशा ठिकाणी घेतलं जातं जिथं शिलिंग दुर्मीळ आहे. तेच वळण दारेसलामला घेतलं तर तिथं शिलिंग मुबलक असतो आणि डॉलरला मागणी असते.

नव्वद हजारांचा हिशेब

सोयीसाठी असं धरू, की मधला दर एका डॉलरला ९० रुपये आणि २,५०० शिलिंग आहे. म्हणजे एका रुपयाला सुमारे २७.७८ शिलिंग. ९०,००० रुपयांचे कागदावर २५ लाख शिलिंग होतात.

पहिला मार्ग : पुण्यात ९१ रुपये दरानं डॉलर घेतले. चलन बदलण्याच्या व्यवहारावर जीएसटी लागतो. एक लाख रुपयांपर्यंत रकमेचा एक टक्का हे सेवेचं मूल्य धरतात आणि त्यावर १८ टक्के कर, म्हणजे इथं १६२ रुपये. उरलेल्या पैशांत सुमारे ९८७ डॉलर आले. दारेसलामला ते २,४७५ च्या दरानं मोडले, की हाती साधारण २४ लाख ४३ हजार शिलिंग येतात. एकूण घट सव्वादोन टक्क्यांच्या आसपास.

दुसरा मार्ग : भारतातच कोणी रुपयाला २४ शिलिंग या दरानं नोटा मागवून दिल्या. तोच कर धरला तर हाती साडेएकवीस लाखांच्या आसपास शिलिंग येतात. दोन मार्गांतला फरक दहा हजार रुपयांहून थोडा जास्त निघतो. दर रोज बदलतात, पण मांडणी हीच राहते. म्हणून दुकानात दर विचारू नका, असं विचारा : "हे नव्वद हजार दिले, तर सगळं धरून माझ्या हातात नेमकं किती येईल?" तीन ठिकाणी हाच प्रश्न विचारला, की तुलना आपोआप होते.

पुलासाठी कोणतं चलन?

रुपया आणि तिथलं चलन यांना जोडणारं मधलं चलन म्हणजे पूल. आफ्रिकेत म्हटलं की डॉलर, असं सरसकट चालत नाही. सेनेगल किंवा आयव्हरी कोस्टला जाणाऱ्यानं युरो न्यावा. तिथला सीएफए फ्रँक युरोशी बांधलेला आहे, एका युरोला ६५५.९५७ फ्रँक. नामिबियाचा डॉलर दक्षिण आफ्रिकेच्या रँडच्या बरोबरीनं चालतो, तेव्हा तिकडे रँड सोयीचा. पोलंडचा झ्लॉटी, हंगेरीचा फोरिंट, रुमानियाचा लेउ यांच्यासाठीही युरोच बरा. बल्गेरियानं तर १ जानेवारी २०२६ पासून युरोच स्वीकारला, त्यामुळे तिथं दुसरं वळण उरलंच नाही. टांझानिया, युगांडा, इथिओपिया, कझाकस्तान इथं मात्र डॉलर.

भारतातून नेताना

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली, म्हणजे सगळे ज्याला 'एलआरएस' म्हणतात तिच्याखाली, एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत परकीय चलन घेता येतं. नोकरीसाठी जाणंही त्यात बसतं. पण रोख नोटांची मर्यादा वेगळी आहे : बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३,००० डॉलर. इराक आणि लिबियासाठी ती ५,००० आहे. इराण, रशिया आणि सोव्हिएत संघातून निघालेल्या राष्ट्रकुलातल्या देशांसाठी सगळी रक्कम नोटांत नेता येते. बाकीचे पैसे फॉरेक्स कार्डावर किंवा बँकेतून पाठवावे लागतात.

चलन प्रवासाच्या जास्तीत जास्त साठ दिवस आधी घेता येतं. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, नेमणुकीचं पत्र आणि पॅन जवळ ठेवा. पन्नास हजार रुपयांपर्यंतच रोख देऊन चलन मिळतं. त्यापुढची रक्कम खात्यातूनच द्यावी लागते. वर्षभरात असं दहा लाख रुपयांपेक्षा जास्त पाठवलं, तर वरच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापून घेते. विवरणपत्र भरताना तो तुमच्या कराच्या हिशेबात धरला जातो. त्याची पावती सांभाळा.

भारतीय रुपये २५,००० पर्यंतच बाहेर नेता येतात आणि तिकडे ते कोणी घेतलेच तर पडत्या भावानं घेतात. परतीच्या टॅक्सीपुरते ठेवा.

नोटा पारखून घ्या

हा भाग बारकाईनं वाचा, कारण इथं चूक झाली तर ती परदेशात पोहोचल्यावरच कळते. शंभर डॉलरच्या नोटेवर मालिकेचं वर्ष छापलेलं असतं. अमेरिकन सरकारच्या लेखी जुनी नोटही पूर्ण वैध आहे, पण पूर्व आफ्रिकेतल्या अनेक बँका आणि बदली केंद्रं २००६ पूर्वीच्या मालिकेच्या नोटा घेत नाहीत. काही ठिकाणी त्याहून नव्याच नोटा मागतात. खोट्या नोटांचा धसका हे त्यामागचं कारण. सर्वांत बिनधोक नोट म्हणजे ऑक्टोबर २०१३ मध्ये चलनात आलेली, मधोमध निळी उभी पट्टी असलेली शंभराची.

दुकानातच काउंटरवर प्रत्येक नोट उलटून पाहा. कडेला बारीकशी फाट, पेनाची खूण, शिक्का, चिकटपट्टी किंवा घडीवर झिजलेली रेघ दिसली, तर ती तिथंच बदलून मागा. संकोच करू नका. बहुसंख्य नोटा शंभराच्या घ्या, कारण अनेक केंद्रांत पन्नास-शंभरच्या नोटांना जास्त दर मिळतो आणि एक-पाच-दहाच्या नोटांना कमी. वाटेत लागतील म्हणून थोडे सुट्टे डॉलर पुरे. नोटा पाकिटात सपाट ठेवा, दुमडू नका.

उतरल्यावरचे दिवस

विमानतळावर गरजेपुरतेच मोडा : टॅक्सी, सिमकार्ड, दोन दिवसांचं जेवण. बाकीचे शहरातल्या बँकेत किंवा परवानाधारक केंद्रात मोडा. पासपोर्ट दाखवावा लागतो आणि पावती मिळते. ती जपून ठेवा, कारण उरलेले शिलिंग पुन्हा डॉलरमध्ये बदलताना ती मागितली जाऊ शकते.

टांझानियात मार्च २०२५ पासून देशांतर्गत व्यवहारांच्या किमती परकीय चलनात सांगायला आणि घ्यायला बंदी आहे. त्यामुळे घरभाडंही शिलिंगात द्यावं लागतं आणि घरमालक काही महिन्यांचं भाडं एकदम आगाऊ मागतात. ही मोठी रक्कम शक्यतो कंपनीनं तिकडेच द्यावी, किंवा पहिल्या पगारातून आगाऊ मिळावी, असं निघण्यापूर्वीच पत्रात लिहून घ्या.

तिथली सर्वांत मोठी नोट १०,००० शिलिंगांची आहे. चार लाख शिलिंग काढले की चाळीस नोटांचं पुडकं हातात येतं. म्हणून लोक रोजचे व्यवहार मोबाइलवर करतात. एम-पेसासारख्या सेवेतून भाजी, भाडं, 'लुकू' म्हणजे विजेचं प्रीपेड रिचार्ज, सगळं चुकवता येतं. त्यासाठी सिमकार्डाची बोटांच्या ठशांसह नोंदणी पहिल्याच आठवड्यात करून टाका.

फॉरेक्स कार्डावर शिलिंग भरता येत नाहीत. डॉलर भरलेलं कार्ड तिथं वापरलं, की चलन बदलण्याचा वेगळा आकार लागतो. तो किती हे कार्ड घेतानाच विचारा. एटीएमच्या पडद्यावर किंवा दुकानातल्या यंत्रावर "तुमच्या देशाच्या चलनात आकारणी करायची का?" असा प्रश्न आला तर नाही म्हणा आणि स्थानिक चलन निवडा. हो म्हटलं तर दर ते यंत्र ठरवतं आणि तो सहसा वाईट असतो.

कित्येक देशांत "बँकेपेक्षा चांगला दर देतो" म्हणणारे लोक रस्त्यावर किंवा ओळखीतून भेटतात. हवालाही याच जातीचा. असा व्यवहार बेकायदेशीर असतो, खोट्या नोटा मिळण्याची भीती असते आणि पकडलं गेलं तर नोकरी आणि कामाचा परवाना दोन्ही हातचे जातात. चार पैशांसाठी हा धोका कोणीही पत्करू नये.

पगार कोणत्या चलनात?

नोटा बदलताना वाचणारे पाच-दहा हजार महत्त्वाचे खरेच, पण खरी मोठी रक्कम नोकरीच्या करारातल्या एका ओळीवर ठरते. नायजेरियाचं उदाहरण घ्या. जून २०२३ मध्ये तिथं नायराचा दर मोकळा केला. त्याआधी डॉलरला सुमारे ४७० नायरा पडत, फेब्रुवारी २०२४ मध्ये तोच आकडा १,५०० च्या वर गेला. महिन्याला पाच लाख नायरा कमावणाऱ्याचा पगार हजार डॉलरहून अधिक होता, तो साडेतीनशेच्याही खाली आला. कामात काडीचा फरक नाही, पगारपत्रकावरचा आकडाही तोच. इथिओपियानं २९ जुलै २०२४ रोजी बिर बाजारावर सोडला आणि डॉलरला ५७ च्या आसपास असलेला दर काही आठवड्यांत शंभरापलीकडे गेला.

म्हणून सही करण्यापूर्वी तीन गोष्टी स्पष्ट करून घ्या. पगार डॉलरमध्ये ठरलाय की स्थानिक चलनात? डॉलरमध्ये ठरून स्थानिक चलनात मिळणार असेल, तर कोणत्या दिवसाचा, कोणत्या बँकेचा दर धरणार? आणि पगाराचा काही भाग थेट भारतातल्या खात्यात जमा होऊ शकतो का? तिसऱ्याचं उत्तर होकारार्थी असेल, तर घरी पैसे पाठवण्याची निम्मी काळजी मिटते.

उलटा प्रवास

नोकरीसाठी देश सोडला, की परकीय चलन कायद्यानुसार तुम्ही अनिवासी ठरता. जुनं बचत खातं एनआरओ खात्यात बदलून घ्यावं लागतं आणि बाहेरची कमाई ठेवायला एनआरई खातं उघडावं. पैसे पाठवताना शिलिंगाचे डॉलर तिथली बँक करते आणि डॉलरचे रुपये इथली. मधली बँकही आपला आकार कापू शकते. हा आकार बहुधा दर व्यवहारामागे ठरावीक असतो, त्यामुळे दर महिन्याला थोडे थोडे पाठवण्यापेक्षा दोन-तीन महिन्यांतून एकदा मोठी रक्कम पाठवलेली परवडते. पण चलन घसरणीला लागलं असेल, तर साठवण शिलिंगात न ठेवता लवकर पाठवावी.

सुट्टीवर येताना शिलिंग बरोबर आणू नका, इथं ते कोणी घेणार नाही. रोख परकीय नोटा ५,००० डॉलरपेक्षा जास्त असतील, किंवा सगळं मिळून १०,००० डॉलरपेक्षा जास्त, तर विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्याकडे जाहीर करा.

परदेशी कमावलेला पैसा घरापासून, माणसांपासून दूर राहून मिळवलेला असतो. त्यातला एक हिस्सा नुसत्या अज्ञानापायी वाटेत गळू देणं योग्य नाही. नेमणुकीचं पत्र हातात आलं त्याच दिवशी एक कागद घ्या आणि त्यावर चारच गोष्टी लिहा : पगाराचं चलन, पुलाचं चलन, पहिल्या दोन महिन्यांचा खर्च आणि पैसे परत पाठवण्याची वाट. मनी चेंजरकडे जायचं ते हा कागद पूर्ण झाल्यावर.