यवतमाळची शकुंतला : रूळ कंपनीचे, गाडी सरकारची

यवतमाळचं नॅरोगेज स्टेशन हे मूर्तिजापूरहून येणाऱ्या 'शकुंतला' या रेल्वेगाडीचं शेवटचं ठिकाण होतं. आज तिथे गाडी येत नाही, पण या मार्गाची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

🚂 मार्ग : यवतमाळ ते मूर्तिजापूर, सुमारे 113 किमी. वाटेत दारव्हा मोतीबाग आणि कारंजा. मूर्तिजापूरहून पुढे अचलपूरपर्यंत आणखी 76 किमी. रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट!

☁️ का बांधला? कापसासाठी. वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरला मुंबई-नागपूर मुख्य मार्गावर पोचायचा, तिथून मुंबई बंदरात आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांत.

📜 मालक कोण? किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने 1910 मध्ये सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. 1951 च्या राष्ट्रीयीकरणातूनही हा मार्ग सुटला. त्यामुळे रूळ कंपनीचे, गाडी मध्य रेल्वेची आणि उत्पन्नातला वाटा कंपनीला, असा अजब संसार स्वतंत्र भारतातही चालू राहिला.

🔧 इंजिन : मँचेस्टरला 1921 मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन सत्तरेक वर्षं राबलं. एप्रिल 1994 मध्ये डिझेल आलं. नंतरच्या काळात तर गार्डच तिकिटं फाडायचा.

रूळ खिळखिळे झाले, वेग मंदावला आणि गेल्या दशकात गाडी थांबली. आता वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेज येतंय. त्याचा वर्धा-कळंब टप्पा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला.

तुमच्या घरी कुणी शकुंतलेनं प्रवास केला असेल, तर कमेंटमध्ये सांगा. जुने फोटो, तिकिटं असतील तर सोन्याहून पिवळं!

#शकुंतला #यवतमाळ #नॅरोगेज